गोलकीपर बाहेर आला तेव्हा

दोन हजार सव्वीस साल, आणि तू बाहत्तर वर्षांचा. बाहत्तर म्हणजे काही जायचं वय नव्हे आप्पा. मी चौऱ्याहत्तरचा आहे आणि अजून धारूरचा घाट पायी चढतो. तू माझ्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा. शाळेत माझ्या मागून आलास, तालमीत मागून, बोहल्यावर चढलास तो पण माझ्या मागून. ह्या एकाच गोष्टीत पुढं पळालास, ते पण मला न सांगता.

न सांगता म्हणतो खरं, पण तू सांगायला फोन केला होतास. तेच माझ्या डोक्यातून जात नाही.

महानंदा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ह्यांच्या शिवगणाराधनेला, लोक जेवाया जमतील तवा, वाचायला चार ओळी लिवा." मी म्हणालो, मी चौथी शिकलेला माणूस, मी काय लिहिणार. तर म्हणाल्या, "ह्यांच्यासंगं भांडताना तुमाला कवा शब्द कमी पडले न्हाईत." म्हणून बसलोय. तू कधी जन्मलास, पलटणीत किती वर्षं काढलीस, कोणती पदकं मिळाली, ते सगळं चौकातल्या बॅनरवर आहे. ते मी लिहिणार नाही. आपलं भांडण अर्ध्यात राहिलंय आणि मला अर्ध्यात सोडवलेली कुस्ती कधी चालत नाही, हे तुला माहीत आहे.

तुझ्या घरात सगळे तराजू धरणारे. तू एकटा बंदूक धरायला गेलास आणि तिकडं लेहच्या बर्फात हॉकी शिकून आलास. परत येऊन किराणा दुकानाच्या गादीवर बसलास, पण बोलणं सगळं बर्फाचं. बुटाच्या तळाला लोखंडी पाती ठोकायचो, पायाला क्रिकेटचे पॅड आणि वरून गादीतला कापूस बांधायचो, गोठलेल्या तळ्यावर खेळायचो, मी गोलकीपर होतो, असं सांगायचास. मी तीस वर्षं ते ऐकलं आणि त्यातलं अर्धं खोटं धरलं.

मग दिवाळीला तुझ्या पोरानं, बसवराजनं, पुण्याहून तो मोठा टीव्ही आणून दुकानात बसवला. मोबाईलवरचं त्याच्यावर दिसायला लागलं. जानेवारीत मी चहापत्ती न्यायला आलो, तर तू गिऱ्हाईकाकडं पाठ करून बसलेला.

"हे काय बे? फरशी पुसतेत का?"

"बस पैलवान. देशाची लीग हाय. लेहला चाललीया."

"आन हातात ते झाडू कावून?"

"स्टिक म्हणतेत तिला. ती काळी चकती तिच्यानं मारायची, गोलात घालायची."

"कोणती चकती? मला तर दिसंना."

"मला बी दिसंना. माणसं कुणीकडं पळतेत तिकडं बघायचं."

असा आपला सीझन सुरू झाला. तू तुझ्या आवडीची टीम निवडलीस, ती पण सगळ्यांत नवखी. कुठल्या तरी खोऱ्यातल्या खेड्यांमधली पोरं. पहिले तीन सामने हरली. मी रोज यायचो, माझ्या त्या पत्र्याच्या खुर्चीवर बसायचो आणि तुला टोचायचो. "आप्पा, तुजी टीम लग्नाच्या पंगतीत वाढायला बरी." तू फक्त त्यांच्या गोलकीपरकडं बोट करायचास. बुटका होता तो. पायांना गाद्या, तोंडाला जाळी, जड अंगानं गोलाच्या तोंडाशी वाकून उभा. "हा हाय ना," तू म्हणायचास, "हा मी."

मला त्यातली धडक आवडली, हे आता कबूल करतो. दोन माणसं पळत येऊन कडेच्या फळ्यांवर आदळायची, तेव्हा माझे खांदे आपोआप हलायचे. पण एक गोष्ट पटत नव्हती. एक मिनिट झालं नाही तोवर माणूस बदलायचे. मी म्हणालो, "दम न्हाई का ह्यांच्यात? आमी अर्धा अर्धा तास झोंबायचो." तू म्हणालास, "मातीवर झोंबायचास. बर्फावर नुस्तं हुबं राहून दाखव."

मी म्हणालो, दाखवतो.

तू खरंच बर्फाची लादी मागवलीस. थंडीच्या दिवसांत. तो टेम्पोवाला तीन वेळा विचारत होता, आप्पा, लग्न हाय का, मयत हाय का? तू म्हणालास, पैलवानाची कुस्ती हाय. दुकानापुढं गोणपाटावर लादी ठेवलीस. बाजारचा दिवस, बायका पिशव्या घेऊन थांबलेल्या. मी चप्पल काढली, धोतर खोचलं, मांडीवर शड्डू ठोकला आणि चढलो.

पंचवीस वर्षं मी जत्रेतल्या कुस्त्या केल्या. ह्या तालुक्यात माझी पाठ कुणी मातीला लावली नाही. तू अर्ध्या मिनिटात लावलीस, आणि ती पण मला हात न लावता. वहिनी पदर तोंडाला लावून आत पळाल्या. तू मला उठवायला हात दिलास, तर हसून हसून तुझ्याच हातात जोर नव्हता. चार दिवस माझं माकडहाड दुखलं. आज सांगतो, त्या चार दिवसांइतका खुश मी म्हातारपणी कधी नव्हतो. घरी कुणी विचारलं, काय झालं, तर मी सांगायचो, आप्पानं पाडलं. त्या सांगण्यात सुद्धा मला मजा यायची.

त्यानंतर आपली टीम जिंकायला लागली. "तुजी टीम" म्हणता म्हणता मी "आपली" कधी म्हणायला लागलो ते मला कळलं नाही. तुला कळलं असणार.

सेमीफायनलला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. मी शेतातून हुरडा आणला होता, सगळे खात होते. आपली टीम एका गोलानं मागं. दोन मिनिटं राहिली. आणि तो बुटका गोल सोडून पळत सुटला. मला वाटलं, त्याला काही लागलं. तो कडेला जाऊन फळी ओलांडून बाहेर गेला आणि त्याच्या जागी हल्ला करणारा एक गडी आत आला. मागं गोल उघडा, सताड.

मी उभाच राहिलो. "कुठं चालला बे हा? दार उघडं टाकून?"

"बोलावलंय त्याला," तू म्हणालास. "हारत आलं की असंच करतेत. राखणारा काढायचा आन मारणारा एक वाढवायचा."

"आन त्यांनी रिकाम्या गोलात मारली तर?"

"तर मारली."

आपल्यांनी बरोबरी केली. मग जादा वेळेत जिंकली पण. सगळं दुकान नाचलं. पोत्यांवर चढली माणसं. मी एकटा खाली बसून राहिलो आणि म्हणालो, हा काही विजय नाही. राखणदारानं जागा सोडायची नसते. ज्यानं दार सोडलं त्याचं नाव कशाला घ्यायचं.

तू टीव्हीचा आवाज बारीक केलास. आणि मग तू जे सांगितलंस ते तीस वर्षांत कधी सांगितलं नव्हतंस. पलटणीचा सामना होता. तुम्ही एका गोलानं मागं. कप्तान कडेला उभा राहून फळीवर स्टिक आपटत तुला बोलवत होता, बाहेर ये, बाहेर ये. तू गेला नाहीस.

"मला वाटलं, मी दारात हाय तवर आपली अब्रू हाय," तू म्हणालास. "शेवटची दोन मिनिटं नुस्ता हुबा होतो पैलवान. चकती माझ्याकडं आलीच न्हाई. सगळा खेळ तिकडं, त्यांच्या गोलापुढं. तिथं आमाला एक माणूस कमी पडला. एकच. आन तो एक मी, रिकाम्या जागंला पाहारा देत हुबा."

"मग बरंच केलंस," मी म्हणालो. "मी असतो तर मी बी सोडलं नसतं."

"तेच म्हणतोय मी. तू बी सोडलं नसतंस. तू जन्मभर दारातच हुबा हायस. खेळ तिकडं चाललाय आन तू हितं."

चारचौघांत बोललास. माझ्या हुरड्याच्या दाण्यांनी तोंड भरलेली माणसं माझ्याकडं बघत होती. मी उठलो, पटका झटकला आणि म्हणालो, "मग माज्या दारात तू येऊ नको."

आप्पा, तू काय म्हणत होतास ते मला त्याच वेळी कळलं होतं. कळलं म्हणूनच राग आला. साठ वर्षांत आपली किती भांडणं झाली असतील. लहानपणी भोवऱ्यावरून, मग तालमीत, मग ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत तर दोन महिने तोंड बघितलं नाही. आणि प्रत्येक वेळी तूच आलास. कधी गुळाचा खडा घेऊन, कधी नुसताच. मी माझ्या ओट्यावर बसून राहायचो, तू गल्लीच्या तोंडाशी दिसलास की दुसरीकडं बघायचो. मी एकदाही आलो नाही. एकदाही नाही.

ह्या वेळी आठ दिवस गेले. मी ओट्यावर बसलो. तू आला नाहीस. मीच म्हणालो होतो ना, येऊ नको. तू शब्द पाळणारा माणूस. पण वहिनींच्या हाती निरोप धाडलास, "परवा फायनल हाय, पैलवानाला म्हणावं खुर्ची ठेवलीया." मी वहिनींना म्हणालो, मला गावाला जायचंय.

आणि गेलो खरंच. चकलांब्याला माझा तालमीतला जुना जोडीदार आहे, त्याच्याकडं जाऊन बसलो. घरात सुनेला सुद्धा सांगितलं नाही कुठं चाललो ते. फायनलच्या दिवशी जेवण झाल्यावर खिशातून फोन काढला आणि बंद केला. खरं कारण लिहितो. मला माहीत होतं की तू करशील. तू करावास आणि तो लागू नये, एवढंच मला पाहिजे होतं. दुपारभर मी त्याच्या लिंबाखाली खाटेवर पडून होतो आणि मनात मजा वाटत होती, की आता आप्पा नंबर दाबत असेल, आता चिडला असेल.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं निघालो. रात्रीतून राग उतरला होता. गाडीत खिडकीला बसून मी ठरवलं, ह्या वेळी आपण जायचं. गावात उतरलो आणि घराकडं न वळता तुझ्या दुकानाकडं वळलो. साठ वर्षांत पहिल्यांदा मी आधी येत होतो आप्पा. पाय जरा जोरातच पडत होते.

बाहेर चपलांचा ढीग. मला वाटलं, जिंकले. रात्रीपासून लोक जमलेत. उदबत्तीचा वास, तो तर तुझ्या दुकानात रोजचाच. मी माणसांना बाजूला सारत आत शिरलो. तू समोर भिंतीला टेकून बसलेला. ताठ. मांडी घातलेली, अंगावर नवी शाल, कपाळाला भस्माचे ठळक पट्टे, गळ्यात हे एवढाले हार. डोळे मिटलेले. रुसलास की तू असाच डोळे मिटून बसतोस.

मी मोठ्यानं म्हणालो, "वा रे आप्पा! लीग जिंकली त्या पोरांनी आन हार तू घालून घेतले? उठ की बे. मी आलोय. च्या सांग."

 तू डोळे उघडले नाहीस.

तुमच्या लिंगायतांत माणूस गेला की बसवतात आणि बसवूनच पुरतात, हे मला माहीत नाही का? तुझ्या बापाला असंच बसवलेलं मी बघितलं, तुझ्या आईला बघितलं, दोघांच्याही मातीला मी होतो. आमच्यात माणूस आडवा केला की लांबूनच कळतं. तू बसलेला होतास. रोज बसायचास तसा, टीव्हीच्या दिशेला तोंड करून. मी आणखी एक पाऊल पुढं टाकलं, तुझ्या खांद्याला धरून हलवायला. तेव्हा मला तुझ्या पाठीमागचा पट्टा दिसला. पांढरं कापड काखेतून काढून भिंतीतल्या खुंटीला बांधलेलं.

मग आतून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, काल सगळीकडं शोधलं वं तुमाला."

मी परत मागं फिरून दुकानाच्या पायरीवर बसलो. किती वेळ ते सांगता येत नाही.   कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला, तो मी तसाच धरून बसलो. मग काहीतरी करायचं म्हणून खिशातला फोन काढून चालू केला. तो टिंग टिंग वाजला. मी अक्षर लावून लावून वाचलं. तुझ्या नंबरावरून तीन वेळा.

क्षणभर मला वाटलं, हे सगळे खोटं बोलतायत. मेलेला माणूस तीन वेळा फोन करतो का?

त्यातले दोन वहिनींचे होते, तुझ्याच फोनवरून. तू गेल्यावरचे. पहिला तुझा. वहिनींनी नंतर सगळं सांगितलं. त्या दिवशी दुकानात फार कुणी नव्हतं, लग्नाची तीथ दाट होती. आपली टीम एका गोलानं मागं. त्या चहा घेऊन आल्या, तर तू खुर्चीच्या कडेला येऊन बसलेला. म्हणालास, "बघ बघ, बोलावतेत त्याला. निघाला. भायेर निघाला बघ. थांब, पैलवानाला लावतो." फोन कानाला लावलास. मग हसलास. "बंद करून बसलाय गाढव." आणि तसाच मागं रेललास. वहिनींना वाटलं, हसू आवरत नाही म्हणून रेललास. चहा बाजूला ठेवून त्यांनी हाक मारली तोवर झालं होतं. टीव्ही त्यांनी तसाच बंद केला.

म्हणजे शेवट तू बघितला नाहीस. कानाला माझा बंद फोन लावून गेलास. माझ्या फोनात ती बाई बोलते ना, आपण लावलेला नंबर बंद आहे म्हणून, ते तुझ्या कानात शेवटचं पडलं. मी बघितलं, वहिनींच्या फोनवरून मला लावून बघितलं, ती काय काय बोलते ते ऐकायला. फोन बंद करून, पुन्हा पुन्हा.

मातीला आलो होतो. तुला खुर्चीतच बसवून नेलं. मी खुर्चीची उजवी बाजू धरली होती आणि कुणालाही बदली दिली नाही. तुझा बसवराज दोनदा म्हणाला, काका, सोडा आता. सोडलं नाही. खड्ड्याजवळ स्वामींनी तुझ्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. तुझा डावा हात, ज्यानं तू चकती झेलायचास. त्याची दोन बोटं तिकडंच मोडलेली, कधी सरळ झाली नाहीत. स्वामी सगळी बोटं मिटवायला बघत होते, ती दोन मिटेनात. मला तोंडावर आलं होतं, राहू द्या स्वामी, ती बोटं अशीच आहेत, त्यातून काही निसटत नाही. बोललो नाही.

असं बरंच बोललो नाही. पलटणीतून तू सुट्टीवर यायचास तेव्हा मी आठ दिवस आधीपासून फाट्यावर चक्कर टाकायचो, ते तुला कधी सांगितलं नाही. माझी बायको गेली तेव्हा तू महिनाभर रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन नुसता बसायचास, एक शब्द न बोलता. त्याचं मी कधी नाव काढलं नाही. उलट म्हणालो होतो, तुला दुकान न्हाई का रे?

मातीहून परतताना बसवराज म्हणाला, "काका, फायनलचं कळलं का तुमाला? काल आपली—" मी त्याचं तोंड हातानं दाबलं. अक्षरशः दाबलं, एवढ्या मोठ्या माणसाचं. "सांगू नको. तुज्या बापाला कळलं न्हाई, मला बी नको."

मग घरी आलो आणि पडून राहिलो. डोक्यात एकच. तो बुटका पळत निघालाय, मागं गोल उघडा आहे, आणि तो तसाच पळतोय, पळतोय. फळीपर्यंत पोचतच नाही. असा त्याला मध्येच टाकून कसं चालेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुझ्या दुकानात गेलो. तुमच्यात सुतक पाळत नाहीत, वहिनींनी एक शटर वर केलं होतं. दूध, बिस्किटं, चहापत्ती न्यायला लोक येत होते. माझी पत्र्याची खुर्ची जागेवर होती. मी बसवराजला म्हणालो, ती मॅच आता लागते का. म्हणाला, लागते काका, सुरुवातीपासून लावू? मी म्हणालो, न्हाई. तुज्या बापानं जिथं सोडली तिथून.

त्यानं लावली. कडेवरून बोलावणं आलं. तो बुटका निघाला. गाद्या बांधलेले जड पाय टाकत, वाकून, जीव तोडून पळाला आणि फळीवरून बाहेर उडी टाकली. आपले सहाच्या सहा जण त्यांच्या गोलापुढं. एकदा मारली, अडली. परत मारली, अडली. मग त्यांच्यातल्या एकानं चकती हिसकावली आणि लांबून, पार तिकडून, आपल्या रिकाम्या गोलाकडं ढकलून दिली. मध्ये कुणीच नव्हतं. सगळा पांढरा बर्फ आणि त्याच्यावरून ती एकटी जात होती. आप्पा, पूर्ण सीझनमध्ये मला ती चकती पहिल्यांदा दिसली. स्पष्ट दिसली, गोलात जाईपर्यंत.

दोन गोलांनी हरलो.

बसवराज माझ्याकडं बघत होता. तो सेमीफायनलच्या दिवशी नव्हता, पण भांडण त्याला माहीत होतं. गावाला माहीत होतं. मी म्हणालो होतो तसंच झालं होतं.

मी उभा राहिलो. "बरं केलं त्यानं," मी म्हणालो. "भायेर आला ते बरं केलं."

वहिनी साखर तोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "काय म्हणालात भाऊजी?"

"आप्पाचं बराबर होतं म्हणलं."

मोठ्यानं म्हणालो. दुकानात चार गिऱ्हाईकं होती.